आमची विहीर आणि दोन एचपीचा पंप

गेल्या मे महिन्यात गावाहून बाबांचा फोन आला, "पंप परत जळला रे." चार वर्षांतला हा तिसरा. मी पुण्यात, मीटिंगमध्ये. नेहमीच्या सुरात म्हणालो, "या वेळी एकच्या जागी दोन एचपीचा घ्या बाबा, पैसे पाठवतो." झालं, इश्यू क्लोज्ड!

आठ दिवसांत नवा पंपही हवा घ्यायला लागला आणि सत्तरीतले बाबा कळशीने पाणी शेंदायला लागले. मग मात्र शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली.

घर रत्नागिरी जिल्ह्यात. विहीर पणजोबांनी जांभ्यात खोदलेली, पस्तीस फूट. कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मेमध्ये विहिरी तळ गाठतात. कारण साधं आहे. जांभा सच्छिद्र आणि जमीन उताराची. मुरलेलं पाणी फार काळ थांबत नाही, झऱ्या-ओढ्यांतून निघून जातं.

दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पाणी काठावरच्या पंपापासून सत्तावीस फूट खाली. इथेच आमचा बग सापडला.

आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. खरं तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब अगदी आदर्श परिस्थितीतही १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूटच पाणी चढवू शकतो. पाइपातलं घर्षण, गळके सांधे धरले तर व्यवहारात २०-२२ फूट. पंप एकचा घ्या नाहीतर दहाचा, हवेचा दाब तोच! जास्त एचपीने पाणी उंच टाकीत चढेल, पण खोलातून वर येणार नाही. उलट मोठा पंप विहीर लवकर उपसतो आणि पातळी आणखी खाली जाते. थोडक्यात, सर्व्हर कोलमडतोय म्हणून मी त्याच्यावर लोड वाढवत होतो :-)

पाणी सुटलं की पंप कोरडा फिरतो, सील तापून जातं आणि पुढे मोटरचंही काही खरं नाही. पंप बिचारा चांगलाच होता. चूक त्याच्या जागेची होती.

आता पाण्यात बुडून राहणारा एक एचपीचा सबमर्सिबल बसवलाय. तो खालून ढकलतो, त्यामुळे ३४ फुटांची अट त्याला नाही. सोबत पाणी संपलं की मोटर बंद करणारं ड्राय-रन संरक्षण.

शेजारच्या काकांचा सल्ला होता, "कशाला एवढा खटाटोप? बोअर मारा." बोअरला माझा विरोध नाही. पण खालच्या काळ्या कातळात पाण्याची भेग लागली तर ठीक, नाहीतर नुसतं भोक. शिवाय बोअरमध्ये डोकावून पाणी दिसत नाही. जी विहीर उघड्यावर असून आम्ही चार वर्षं मोजली नाही, तिच्या जागी न दिसणारी विहीर घेऊन काय मोठं साधणार होतं? माझं मत एवढंच की आधी मोजा, मग खर्च करा.

मोजायला लागतं तरी काय? दर फुटाला गाठ मारलेली दोरी. उपसा केल्यावर पाणी तासाभरात किती चढतं ते पाहिलं की रोज किती उपसायचं ते कळतं. विहिरीत पाणी किती हेही शाळेतल्या सूत्राने निघतं. आमची विहीर तीन मीटर व्यासाची. तीन मीटर पाणी असेल तर साधारण २१ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या हिशोबाने ५०-५५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती कालवून निवळी विहिरीत सोडायची आणि तासभर पाणी वापरायचं नाही. याआधी आम्ही "दोन मुठी" टाकत होतो!

गाळ मेमध्ये, पाणी तळाला असताना काढायचा. मात्र उतरणारा माणूस एकटा नको, आणि डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवायचं नाही. त्याचा विषारी वायू खाली साठतो आणि माणूस ओरडायच्या आत जातो. इथे काटकसर नको.

असो. आपल्यापैकी अनेकांनी गावची घरं पैसे पाठवून "सांभाळली" आहेत. मीही त्यातलाच. पण त्या चार वर्षांत पाणी किती खाली गेलंय हे मी बाबांना एकदाही विचारलं नव्हतं. आता ते दर रविवारी कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहितात आणि मी फोन करून विचारतो. परवा म्हणाले, "अकरा फूट. आणि तू कसा आहेस?"

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा विहिरीत एक दोरी सोडून बघा.