पन्नाशीचा गळा आणि आवडीचे गाणे



झाशीच्या ओरछा गेटजवळ राहणाऱ्या एका गृहिणीने या स्तंभाकडे एक विचारणा केली आहे. हळदीकुंकवाच्या निमित्ताने त्यांच्या घरी जमणाऱ्या मराठी स्त्रियांनी या वर्षी गाण्यांचा कार्यक्रम योजिला. बहुतेकींचे वय पन्नाशीच्या आसपास. पेटी वाजविणारे कोणी जवळ नाही, म्हणून मुलाने कराओकेची सोय करून दिली. परंतु पहिल्याच तालमीत लताबाईंच्या गीताचा अंतरा वर चढू लागला, तशा सगळ्या जणी एकामागून एक गप्प झाल्या. "आमचे गाण्याचे वय गेले म्हणावे काय?" असे त्या विचारतात.

वय गेलेले नाही, पट्टी चुकली आहे. पन्नाशीच्या सुमारास, विशेषतः मासिक पाळी थांबल्यानंतर, स्त्रीच्या स्वरतंतूंत थोडा जडपणा येतो, आवाज किंचित खाली उतरतो आणि दमही पूर्वीइतका पुरत नाही. कराओकेची साथ मात्र बहुधा मूळ गायिकेच्याच पट्टीत बांधलेली असते. विशीत जे गाणे काळी पाचमध्ये म्हणता येत होते, ते आता काळी चारमध्ये, म्हणजे दोन अर्धस्वर खाली घ्यावे; तरीही ताण पडला तर काळी तीन घ्यावी. बहुतेक कराओके यंत्रांवर आणि भ्रमणध्वनीच्या उपयोजनांत पट्टी वरखाली करण्याची कळ असते. मुलाला ती शोधून द्यावयास सांगा. पुरुष गायकाच्या गीताची अडचण याच्या उलट असते. सुधीर फडके यांनी गायिलेले गीत त्यांच्याच पट्टीत घेतले, तर मुखडाच इतका खाली जातो की शब्द ऐकू येईनात. तेथे साथ चार-पाच अर्धस्वर वर न्यावी.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कराओकेचा जन्मच सामान्य गळ्याला सांभाळून घेण्यासाठी झाला. जपानमधील कोबे शहरी दाइसुके इनोए हे वादक मद्यगृहांतून हौशी गायकांची साथ करीत. त्यांच्या साथीची सवय झालेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना सहलीला बोलाविले. स्वतः जाणे जमेना म्हणून त्यांनी त्या गृहस्थांच्या गळ्याला मानवेल अशी साथ ध्वनिमुद्रित करून पाठविली. त्यातूनच 1971 साली त्यांचे यंत्र निघाले. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचे जपानी लघुरूप. रिकामी जागा आपण भरावयाची, मूळ गायकाची नक्कल करावयाची नाही.

आता निवडीविषयी. संथ गाणे सोपे, अशी एक समजूत आहे; ती फसवी होय. संथ गाण्यात स्वर लांबवावे लागतात आणि दम तेथेच तुटतो. मध्य लयीतील, केरवा किंवा दादऱ्यातील, प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा देणारे गाणे निवडावे. निवडलेले गाणे आधी साथीशिवाय, भाजी निवडताना, गुणगुणून पाहावे. सर्वांत उंच स्वर हसतमुखाने निघाला तर ते गाणे आपले. मान ताणावी लागली तर पट्टी उतरवावी. तेवढ्यानेही भागले नाही तर ते गाणे ऐकण्यासाठी ठेवावे. ताना-मुरक्या गाळल्या तरी चालते. जपानमधील जुन्या लोकप्रिय गीतांत मध्यम व निषाद वगळून पाचच स्वरांची मांडणी पुष्कळदा आढळते. आपला भूपही तसाच पाच स्वरांचा. अशा चाली चटकन गळ्यात बसतात. भोंडल्याची गाणी आणि ओव्या तर मोजक्या स्वरांतच फिरतात. आरंभ त्यांनी करावा, गळा तापतो.

गाणे जुने हवे ते कोणाचे जुने, हेही पाहावे. पंधरा ते पंचविशीत ऐकलेले मनात सर्वांत खोल रुजते, असा मानसशास्त्रज्ञांचा अनुभव आहे. तेव्हा सूनबाईची यादी बाजूस ठेवून माहेराहून कोणत्या कॅसेटी आल्या होत्या, आई चुलीपाशी काय म्हणत असे, ते आठवावे. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेल्या गीतरामायणात छप्पन्न गीते आहेत. ती सर्व सारखी सोपी नाहीत, पण दोन-तीन तरी प्रत्येकीला झेपतील.

आमच्या पत्रलेखिकेच्या गावी या निवडीला आणखी एक बाजू आहे. 1742 साली नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले, तेव्हापासून तेथे मराठी घरे आहेत. ज्या गणेशमंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तेही तेथेच आहे. बाजारात हिंदी आणि बुंदेली, शाळेत हिंदी. नातवंडांची मराठी वाक्ये निम्म्यावरच अडखळतात. तेच मूल पाठ झालेले गाणे मात्र शेवटपर्यंत म्हणते. म्हणून कार्यक्रमात दोन गाणी तरी अशी असावीत की मुलांना ध्रुवपद धरता येईल. शब्द मोठ्या अक्षरांत लिहून काढावेत. पडद्यावरचे शब्द पुष्कळदा रोमन लिपीत असतात आणि तेही चुकीचे.

एक वही करावी. प्रत्येक गाण्यापुढे ते म्हणणारीचे नाव आणि तिची पट्टी लिहून ठेवावी: अमकीची काळी चार, तमकीची पांढरी चार. एकीची पट्टी दुसरीवर लादू नये. आणि पहिले गाणे सर्वांनी मिळून म्हणावे. बुजऱ्या भगिनीचा आवाज त्या घोळक्यातच प्रथम बाहेर पडतो.