गाजरगवत फुलल्यावर जनजागृती करून काय उपयोग?

पोळा फुटला की आमच्या लेआऊटमध्ये घरोघरी शिंका सुरू होतात. सकाळी उठल्याबरोबर दहा-दहा. नाक गळते, डोळे खाजतात, टाळू खाजतो, ताप मात्र नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वातावरण बदललं नं भाऊ, सर्दी आहे." नाही हो! सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. जी दिवाळीपर्यंत मुक्कामाला राहते ती बहुतेक ॲलर्जी, आणि तिचं एक मोठं कारण कंपाउंडच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं उभं आहे. गाजरगवत.

१९५० च्या दशकात ते पुण्यात नजरेत आलं. अमेरिकेच्या गव्हासोबत आलं असं सांगतात. त्यानं अंगाला खाज सुटते हे निंदणाऱ्या बाईला आपण सांगायची गरज नाही. नाकाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९१ सालीच दाखवलं आहे, की याचे पराग नाकाची ॲलर्जी करतात. शरीर त्या परागांविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवते, ती नाकातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसते. पराग आत गेले की त्या पेशी हिस्टामिन ओकतात. मग रुमाल काढा.

आता सरकारी कारभार पाहा. गाजरगवत जागृती सप्ताह असतो १६ ते २२ ऑगस्ट. गवत उगवते जूनच्या पहिल्या पावसात आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. म्हणजे बॅनर धरून फोटो निघेपर्यंत ते पांढरंशुभ्र झालेलं असते! मोठं झाड हजारो बिया टाकते, ते वेगळंच. उपटायचं तर जुलैत, फुलाआधी, मुळासकट.

"एवढं कोण उपटते बाप्पा?" २०१८ मध्ये मोर्णेतली जलकुंभी काढायला आख्खं अकोला उतरलं होतं, आठवते? प्लॉट तर कोरडी जमीन आहे, आणि तिला मालक आहे.

तोवर आपण काय करतो? मेडिकलमधून गोळी. माझी पोरगी दहावीत होती तेव्हा त्या गोळीनं वर्गात डुलक्या घेत होती. मग एका डॉक्टरनं कमरेत स्टिरॉइडची सुई टोचली, महिनाभर नाक शांत, आम्ही खूश. अन् त्याच डॉक्टरला आम्ही विचारलं होतं, "स्प्रेची सवय तं नाही लागत?" नाकाच्या स्टिरॉइड स्प्रेत औषध अगदी थोडं असते, ते बहुतेक नाकातच काम करते, आणि त्रास रोजचा असेल तर जगभर आधी तोच देतात. सवय लागते ती नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात म्हणून गोंधळ. माँटेलुकास्टवर तर मनावर होणाऱ्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडं ती गोळी चिवड्यासारखी वाटली जाते. परागाचेच वाढते डोस देऊन शरीराला सवय लावायचा उपचार लंडनमध्ये १९११ पासून आहे. पण त्याला आधी कातडीवर टेस्ट करून नेमका पराग शोधावा लागतो, अन् तीन-एक वर्षं चिकाटी.

तेव्हा अमरावती आणि अकोला, दोन्ही मनपांना सरळ प्रश्न. १५ जुलैच्या आत किती प्लॉटमालकांना नोटीस गेली? किती ओपन स्पेस साफ झाल्या? अन् जिल्हा रुग्णालयात नाकाचा स्प्रे आणि ही टेस्ट फुकट मिळते का? झोननिहाय आकडे टाका. कॉमेंटमध्ये टाकले तरी चालतील.