आइनस्टाइनही वाजवून घ्यावा

भोसरीच्या एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये नवे ग्राइंडिंग व्हील यंत्रावर चढवण्याआधी जाणता कारागीर ते मधल्या भोकातून अडकवून धरतो आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकतो. आवाज खणखणीत आला तर व्हील चांगले. बद्द आला तर आत कुठेतरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा हा तडा यंत्र वेगात फिरू लागताच व्हीलच्या ठिकऱ्या उडवू शकतो. शास्त्रज्ञ सध्या हीच युक्ती कृष्णविवरांसाठी वापरत आहेत. तेथे तपासला जातो तो मात्र आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत.

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप झाली की नवे कृष्णविवर क्षणभर थरथरते. ही थरथर गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर पडते आणि घंटेच्या नादासारखी विरत जाते. बंगळुरूचे शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच हे गणिताने दाखवले होते. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांमध्ये. सूर्याच्या सुमारे ६२ पट वस्तुमानाचे ते कृष्णविवर सेकंदाला सुमारे २५० वेळा कंप पावले आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात शांत झाले. असे क्षीण संकेत यंत्राच्या गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धती घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

या नादाचे महत्त्व असे की, आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार त्याची वारंवारता आणि विरण्याचा वेग कृष्णविवराचे वस्तुमान व परिवलन या दोनच गोष्टींवर ठरतो. एका कंपनावरून ही दोन्ही मापे काढली, की दुसरे कंपन कसे असेल हे आधीच सांगता येते. ते तसे निघाले नाही, तर सिद्धांतात तडा आहे.

असा तडा शोधायचा तरी कशाला? कारण सिद्धांत शंभर वर्षे टिकला असला तरी त्याचे पुंजभौतिकीशी जमत नाही आणि विश्वाच्या वाढत्या प्रसरणवेगाचा समाधानकारक खुलासा अजून झालेला नाही. म्हणून अनेक सुधारित सिद्धांत पुढे आले. गुरुत्वाकर्षणाचा वेगळा विचार करण्याची परंपरा महाराष्ट्रालाही नवी नाही. फ्रेड हॉयल यांच्यासह जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये स्वतःचा सिद्धांत मांडला होता. आजच्या काही सुधारित सिद्धांतांत अवकाशाच्या वक्रतेला आणखी एक क्षेत्र जोडलेले असते. त्याने कृष्णविवराचा सूर किंचित चढतो वा उतरतो. आइनस्टाइनच्या सिद्धांतात कृष्णविवराची दोन वेगळ्या धाटणीची कंपने एकाच सुरात वाजतात. सुधारित सिद्धांतांत ही जोडी अनेकदा फुटते आणि एका सुराचे दोन सूर होतात.

आतापर्यंत आवाज खणखणीतच आला आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी नोंदला गेलेला संकेत २०१५ च्या संकेतापेक्षा सुमारे तिप्पट स्पष्ट होता. त्यात मूळ सूर आणि लवकर विरणारा दुसरा सूर वेगळे ओळखता आले. दोन्ही आइनस्टाइनच्या गणिताशी जुळले. पण याचा अर्थ एवढाच की, तडा असलाच तर तो आजच्या कानांना ऐकू येण्याइतका मोठा नाही.

कान तीक्ष्ण करायचे तर वेधशाळा वाढवायला हव्यात. येथे प्रश्न थेट महाराष्ट्राच्या दारात येतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारली जायची आहे. केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली फेब्रुवारी २०१६ मध्ये. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. सात वर्षे कागदांतच गेली. अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांच्या भुजा जवळजवळ एकाच दिशेने मांडलेल्या आहेत. त्यामुळे लहर अवकाशाला कोणकोणत्या दिशांनी ताणते, हे त्या दोघींना नीट सांगता येत नाही. सुधारित सिद्धांत ओळखण्याची एक मोठी खूण नेमकी तीच आहे. दूरवरची, वेगळ्या दिशेला रोखलेली भारतीय वेधशाळा ही उणीव भरून काढू शकते. त्यातच अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये तेथील दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. अशा वेळी औंढ्यातील विलंब हा केवळ भारताचा तोटा राहत नाही.

खर्चाविषयी शंका घेणे गैर नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात पाणी आणि रोजगार यांचे प्रश्न मोठे आहेत. पण पैसा मंजूर करून काम रेंगाळू देणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. चार किलोमीटर लांबीच्या भुजा, त्यांतील पोलादी निर्वात नळ्या, प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान हालचाल टिपणारी यंत्रणा, यांसाठी अत्यंत काटेकोर कारागिरी लागते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात अचूक मापाची सवय असलेले हात आहेत. सरकारने कामाचे टप्पे व तारखा जाहीर कराव्यात आणि स्थानिक उद्योगांना त्यात कोठे वाव आहे, हे वेळेत सांगावे.

व्हील ठोकून पाहणारा कारागीर ते बनवणाऱ्याचा अपमान करत नसतो. त्याला ते भरवशाने वापरायचे असते. आइनस्टाइनच्या बाबतीतही तसेच आहे. मात्र ठोका कितीही जोराचा असला, तरी ऐकायला कान हवा. त्यातला एक कान औंढ्यात उभा राहायचा आहे आणि त्याला आधीच पुरेसा उशीर झाला आहे.