स्वाध्याय कोणाचा?

मराठीची एम.ए. होऊन मला वीस वर्षे झाली. पुढे सेट उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले आणि तेव्हापासून मराठी साहित्य शिकवीत आहे. ‘शिकवीत आहे’ हे क्रियापद मी इतकी वर्षे निःशंकपणे वापरले. दोन वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि त्या क्रियापदाविषयी पहिल्यांदा शंका आली. त्या शंकेविषयी हे लेखन आहे.

आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाला पदविका लागते, माध्यमिक शिक्षकाला बी.एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकाला मात्र आपला विषय येत असला म्हणजे पुरे, असा समज आहे. नेट परीक्षा १९८९ पासून आणि महाराष्ट्राची सेट १९९५ पासून होत आली. त्यांतील पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाविषयी काही पर्यायी प्रश्न असतात हे खरे; परंतु नेमणुकीपूर्वी वर्गात उभे राहून चार पाठ घ्यावेत, ते कोणी जाणत्याने मागच्या बाकावर बसून पाहावेत, अशी अट नाही. नेमणुकीनंतर उद्‌बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग येतात, पण त्यांची गाठ पदोन्नतीशी असल्याने प्रमाणपत्र हाती आले की विषय संपतो. म्हणजे कवितेचे आकलन कसे होते हे आम्हांला ठाऊक आहे असे गृहीत धरून आम्हांला वर्गात सोडले जाते.

सहकाऱ्यांपैकी काहींनी विचारले, ‘मॅडम, आता या वयात कशाला?’ त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती. एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप मात्र गंभीर होता. ते म्हणाले, ‘साहित्य उद्दिष्टे ठरवून शिकवता येत नाही. तुमचे शिक्षणशास्त्र कवितेचा पाठनियोजनाचा तक्ता करून टाकते.’ हा आक्षेप माझाही होता, आणि अंशतः आजही आहे. ‘आकारिक मूल्यमापन’, ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘प्रत्याभरण’ या शब्दांच्या गर्दीतून वाट काढताना मराठी वाचून हयात घालवलेल्या माणसाची दमछाक होते. पहिले सहा महिने मी या भाषेवर चिडत राहिले. नंतर एका रविवारी जाणवले, की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला माझी ‘आशयसूत्र’, ‘निवेदनतंत्र’, ‘जाणिवेचा विस्तार’ ही भाषा अशीच वाटत असणार. तो चिडत नाही इतकेच. तो लिहून घेतो.

लिहून घेण्याचा अनुभवही मला मिळाला. संपर्कसत्रात पाउलो फ्रेअरी यांचा विचार शिकवला गेला. शिक्षक खातेदाराप्रमाणे ज्ञान जमा करतो आणि विद्यार्थी म्हणजे रिकामी पेढी, या पद्धतीवर त्यांनी केलेली टीका आम्हांला पाच मुद्द्यांत सांगण्यात आली आणि आम्ही ती पाच मुद्द्यांत उतरवून घेतली. हसू आले, पण मार्गदर्शकांना दोष देता येईना. सहा तासांत त्यांना चार घटक संपवायचे होते. समोर बसलेल्या आम्हां तीस जणांनाही, खरे सांगायचे तर, मुद्देच हवे होते. परीक्षा जवळ आली होती.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. दुसऱ्या सत्रात एका विषयाचा स्वाध्याय द्यायची मुदत आणि आमच्या महाविद्यालयातील उत्तरपत्रिका तपासण्याची मुदत एकाच आठवड्यात आली. त्यातच घरात आजारपण होते. अभ्यासकेंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय मिळतात हे सर्वांना माहीत असते. मी तो आणला आणि रात्री अकरा ते दोन या वेळात माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. मला ३० पैकी २४ गुण मिळाले. त्याआधीच्या सत्रात जो स्वाध्याय मी पुस्तके वाचून, तीन वेळा खोडून स्वतः लिहिला होता त्याला १९ मिळाले होते.

गुणांच्या फरकाने मी अस्वस्थ झाले नाही. एक जुना प्रसंग आठवला म्हणून झाले. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी गाइडमधील उत्तर जसेच्या तसे उतरवून दिले होते. मी ते वर्गात सर्वांसमोर परत केले आणि ‘यात तुझे काय आहे?’ असे विचारले. तो काही बोलला नाही. महाविद्यालय सुटल्यावर तो काय करतो, रात्री किती वाजता वही उघडतो, हे मी विचारले नव्हते. आजही मला ठाऊक नाही. पुढल्या वर्षी तो आला नाही. माझ्या बोलण्यामुळेच आला नाही असे म्हणता येणार नाही. त्यामुळे नाही, असेही मला म्हणवत नाही.

नक्कल समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. माझी नक्कल तर मुळीच नाही. पण आपण साहित्याचे अध्यापक नकलेचा विचार केवळ विद्यार्थ्याच्या नीतीचा प्रश्न म्हणून करतो, तो अपुरा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर उतरवून देता येते, त्या प्रश्नाने विद्यार्थ्याकडून त्याचे स्वतःचे असे काही मागितलेलेच नसते. त्या विद्यार्थ्याला मी दिलेला प्रश्न होता : ‘‘तृतीय रत्न’ या नाटकातील सामाजिक विचार स्पष्ट करा.’ याचे उत्तर गाइडमध्ये आहे, कारण प्रश्नही गाइडमधलाच आहे. ‘यात तुझे काय आहे?’ हे प्रश्न काढतानाच मला कोणी विचारायला हवे होते.

या नाटकाच्या संदर्भातच शिक्षणशास्त्राने मला एक गोष्ट दाखवली. आमच्या अभ्यासपुस्तिकेत महात्मा फुले यांच्या कार्याची नोंद होती : १८४८ मुलींची शाळा, १८५५ रात्रीची शाळा, १८८२ हंटर आयोगापुढील निवेदन. यांतील १८५५ हे साल मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले आहे, पण ‘तृतीय रत्न’च्या लेखनाचे साल म्हणून. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, शंभरहून अधिक वर्षे ते अप्रकाशित राहिले, पहिले आधुनिक मराठी नाटक कोणते या वादात त्याचे स्थान काय, हे सारे मी सांगत आले. जोशाने नागवलेले कुणबी नवराबायको शेवटी रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवतात, हेही कथानक म्हणून सांगितले. परंतु ती शाळा त्याच साली प्रत्यक्ष सुरू झालेली होती, आणि दिवसभर राबून रात्री शिकू पाहणारी प्रौढ माणसे हा त्या नाटकाचा शेवट आहे, या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. रात्री अकराला पुस्तक उघडून पेंगू लागल्यावर त्या दोघांची आठवण झाली. अर्धवेळ शिक्षण ही दुय्यम दर्जाची सोय आहे असे मानणाऱ्यांनी ते नाटक पुन्हा वाचावे.

गेल्या वर्षी मी प्रश्न बदलला. घरातील किंवा गल्लीतील एखाद्या प्रौढ व्यक्तीशी बोला, तिची शाळा केव्हा आणि का सुटली हे विचारा, आणि ‘तृतीय रत्न’मधील नवराबायकोच्या निर्णयाशी ते ताडून पाहा. ४१ विद्यार्थी होते. त्यांतील नऊ जणांनी तरीही गाइडच उतरवले. काहींनी मुलाखत लिहिली, नाटकाला हातच लावला नाही. पण एका मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेल्या आपल्या आईविषयी लिहिले, आणि नाटकातील बाई परीक्षेच्या आदल्या रात्री काय करील असा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तपासायला तीन रविवार लागले.

तीन रविवार हा किरकोळ मुद्दा नाही. रिक्त पदे, तासिका तत्त्वावर राबणारे सहकारी, शंभरच्या वर पटसंख्या हे वास्तव आहे, आणि अशा स्थितीत गाइडमधला प्रश्न अध्यापकालाही सोयीचा असतो. मार्गदर्शकांकडे सहा तास होते, माझ्याकडे एक रात्र होती, त्या विद्यार्थ्याकडे काय होते कोण जाणे. तिघांनीही सोयीचे केले. फरक इतकाच की जाब एकट्या त्याला विचारला गेला.

म्हणून माझे म्हणणे असे. प्रत्येक अध्यापकाने शिक्षणशास्त्राची पदवी घ्यावी, असा आग्रह नाही. मात्र नोकरीच्या मध्यावर एकदा तरी आपला नसलेला विषय, मुदत आणि परीक्षा यांसह शिकून पाहावा. विद्यार्थ्याविषयी वाचून जे समजत नाही ते तेथे समजते. शिक्षणशास्त्रानेही आपले स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात का मिळतात, हे स्वतःला विचारावे. आणि साहित्याला उद्दिष्टांचा तक्ता नको म्हणणाऱ्यांनी, आपली गाइडमधील प्रश्नांची यादी हा कोणता तक्ता आहे, याचे उत्तर द्यावे.

पुढील सत्रापासून अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न देण्यापूर्वी आम्ही विभागात एकमेकांचे प्रश्न वाचणार आहोत. ज्येष्ठ सरांचा विरोध आहे, पण ते बसणार आहेत. उतरवून देता येणार नाहीत असे प्रश्न आपल्यापैकी कोणी काढले असतील, तर ते आम्हांला वाचायला आवडतील.