विश्लेषण : कामाच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ नको, पण ‘ओन्ली ॲडमिन’ हाही उपाय नव्हे

वडिलांचा फोन हाताळता हाताळता भुईगावच्या फूलबागायतदारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मीही शिरलो. पहाटेच्या लोकलने माल दादरच्या फूलबाजारात पोहोचला की सोनचाफ्याचा, मोगऱ्याचा भाव ग्रुपवर येतो. दुसऱ्या दिवशीच्या तोडणीला किती माणसे सांगायची, ते त्या एका ओळीवर ठरते.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. वसईत केळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली. पंचनाम्यासाठी सातबारा, आधार, पासबुकाची प्रत आणि नुकसानीचे फोटो तयार ठेवा, असा मेसेज एकाने टाकला. त्यानंतर वादळाचे व्हिडिओ सुरू झाले, त्यातले निम्मे तर कुठल्या भलत्याच देशातले. बॅटरी पुरवायची म्हणून शेजारचे काका दिवसातून एकदाच फोन उघडत. समोर दोनशेवर मेसेज पाहून त्यांनी तो बंद केला. कामाचा मेसेज त्यांच्या नजरेस पडला तोवर पाहणी आमच्या आळीतून पुढे गेली होती. नंतरच्या फेऱ्या त्यांनाच माराव्या लागल्या.

म्हणून विषयाबाहेरच्या मेसेजकडे नुसता वैताग म्हणून पाहता येत नाही. त्याची किंमत असते, आणि ती बहुधा सगळ्यात कमी फोन पाहणारा माणूस मोजतो.

विषयाबाहेरचे म्हणजे नेमके काय?

देवादिकांचे फोटो आणि निवडणुकीचे फॉरवर्ड ओळखायला सोपे. पण आमची गावे वसई-विरार महापालिकेत असावीत की नसावीत, हा 2009 पासूनचा वाद घ्या. तो राजकारणाचा, तसाच वाडीच्या जमिनीचा आणि पाण्याचाही. कोणी वारल्याची बातमी भावाशी संबंधित नाही, पण ती टाकू नका असे गावात कोण म्हणेल? ‘इथे फक्त कामाचे बोला’ एवढा नियम त्यामुळे टिकत नाही. ॲडमिनच्या मर्जीवर सारे जाते आणि मग ‘त्याचे चालते, माझे का नाही’ ही भांडणे सुरू होतात.

अमेरिकेतील बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीने एप्रिल 2021 मध्ये कंपनीच्या खात्यावर राजकीय-सामाजिक चर्चेला बंदी घातली. काही दिवसांतच साधारण एक तृतीयांश कर्मचारी बाहेर पडले. वाद एवढ्यापुरताच नव्हता, पण गप्पांवर झाकण घालून त्या थांबत नाहीत, हे दिसले.

ॲडमिन अडकतो का?

अनेक ॲडमिन ‘ओन्ली ॲडमिन’ची कळ दाबतात ती भीतीपोटी : कोणी काही टाकले तर पोलीस आपल्याला धरतील. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी याचे उत्तर दिले आहे. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. सदस्य घेणे आणि काढणे एवढाच अधिकार ॲडमिनकडे असतो, मजकूर पडण्याआधी तो अडवू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पुढच्याच वर्षी दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली. मेसेज आधी अडवणे आजही शक्य नाही, पण पाहूनही तसाच ठेवला तर सदस्यांनी जाब विचारावा, एवढी जबाबदारी नक्कीच वाढली आहे.

मग करायचे काय?

माझ्या मते ग्रुपचे तोंड बंद करणे ही सर्वात वाईट वाट. भाव टाकणारा, ‘चाफ्यावर ही कीड कसली?’ असे विचारणारा, दोघेही साधे सदस्य असतात. ते गप्प झाले की उरतो नोटीस बोर्ड. नोव्हेंबर 2022 पासून व्हॉट्सॲपवर ‘कम्युनिटी’ करता येते : घोषणांचा एक ग्रुप आणि त्याखाली वेगवेगळे ग्रुप. पंचनामा, वादळाचा इशारा घोषणांत. भाव आणि कीड एका ग्रुपवर. वाढदिवस, महापालिका, क्रिकेट कट्ट्यावर. कट्टा हवाच. गप्पांना जागा न देता त्या हाकलल्या, तर त्या भावाच्या ओळीवरच येऊन बसतात.

चुकीच्या जागी मेसेज पडला तर आधी खासगीत सांगावे. वयाने मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत टोकले की तो पुढे भावही टाकत नाही, हे मी पाहिले आहे. नियम चार ओळींत लिहून ग्रुपच्या माहितीत ठेवावेत, त्यात निधनाची बातमी चालेल की नाही हेही स्पष्ट असावे.

आणि ॲडमिन किमान तिघे हवेत. आमच्याकडे दोघे आहेत आणि पहाटे दोघेही टोपल्या घेऊन लोकलमध्ये असतात.