दहा मोजेपर्यंत थांबा

"मॅडम, यंदा भाषण नको. काहीतरी उपक्रम घ्या की," असा निरोप घेऊन ग्रंथमहोत्सवाचे दोन कार्यकर्ते आमच्या स्टाफरूममध्ये आले, तेव्हा खरे सांगायचे तर मला थोडे लागलेच. आदल्या वर्षी त्याच व्यासपीठावरून मी पाऊण तास 'मुलांना वाचायला लावा' असे सांगितले होते. त्या पाऊण तासात किती मुले मांडवाबाहेरच्या मिरचीभजीच्या गाड्याकडे सटकली, हे मला वरून स्पष्ट दिसत होते. पण माईक हातात असला की माणूस थांबत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. आपल्या भागात थंडी पडली की सुगीबरोबर साहित्याचीही सुगी येते. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमनी या गावांची संमेलने आपल्याला नवी नाहीत. ग्रंथदिंडी निघते, पालखीत ज्ञानेश्वरी, डोक्यावर कळशी घेतलेल्या सुवासिनी, लेझीम, आणि शेतातली कामे टाकून आलेली माणसे दिवसभर मांडवात बसून कवितासुद्धा ऐकतात. शहरातल्या सभागृहात असा श्रोता मिळत नाही. मी सांगते तो महोत्सव एवढा मोठा नव्हता. हायस्कुलाच्या पटांगणात दहा-बारा पुस्तकांचे स्टॉल, एक मांडव, दोन दिवस.

उपक्रम काय घ्यायचा, याचा विचार करताना पुण्याची आठवण झाली. डिसेंबर २०२३ मध्ये पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखविली आणि गिनेस बुकात विक्रमाची नोंद झाली. आधीचा विक्रम चीनमधला होता, २,८८४ पालकांचा. विक्रमांचे मला फारसे कौतुक नाही. पण आई किंवा बाप मुलाला शेजारी बसवून वाचून दाखवतो आहे, ही कल्पना मात्र मनात राहिली. आपण विक्रम करायचा नाही. आपण घरेच्या घरे बोलवायची. आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे, एका घराला दहा मिनिटे. आवडेल ते पुस्तक आणावे, प्रत्येकाने थोडे थोडे वाचावे. बक्षीस नाही, क्रमांक नाही. येईल त्या प्रत्येक घराला एक पुस्तक भेट. आणि एक नियम मी आवर्जून घातला. कुणी वाचताना अडले, तर शेजारच्याने मनात दहा मोजेपर्यंत शब्द सांगायचा नाही. आपण मोठी माणसे मूल अडखळले की लगेच त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतो. वर्गातही घेतो आणि घरीही.

बैठकीत हे सगळ्यांना पटले. मग एकाने विचारले, "एखाद्या घराने कन्नड पुस्तक आणले तर?" आणि चहा गार झाला.

आपल्या वाचकांना त्या शांततेचा अर्थ सांगायला नको. १९५६ पासून ती शांतता आपल्या सगळ्यांच्या घरी अधूनमधून येऊन बसते. "मराठीच्या मांडवात कन्नड कशाला? तिकडच्या कार्यक्रमात आपली पुस्तके वाचू देतात काय?" असे एकजण म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच फेकून देण्यासारखे नव्हते. मी घरी बोलायचे ते तिथे बोलले नाही, हेही कबूल करते. शेवटी एक वयस्कर निवृत्त शिक्षक म्हणाले, "आमच्या घरात सून कन्नड आहे. ती मुलांना झोपवताना कुठल्या भाषेत गोष्ट सांगते, हे मी कधी विचारलं नाही. मुलं झोपतात." मग ठरले, की घरात जे वाचले जाते ते इथे चालेल. तिघे नाराजच राहिले. त्यांतले दोघे तरी त्या दिवशी सकाळपासून खुर्च्या मांडायला हजर होते.

निघताना त्याच गुरुजींनी हसत म्हटले, "पहिलं घर तुमचं लावतो, मॅडम."

आता घरची गोष्ट सांगते. मी मराठीची प्राध्यापिका. यजमानांच्या घरी कन्नड. सासूबाई धारवाडच्या, मी त्यांना अत्ती म्हणते. चिरंजीव तेव्हा पाचवीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, दुसरी भाषा कन्नड. तो माझ्याशी मराठी बोलतो, अज्जीशी कन्नड, आणि गल्लीत क्रिकेट खेळताना एका वाक्यात दोन्ही. पण मराठी वाचत नव्हता. म्हणजे अक्षरे येत होती, मीच शिकविली होती. पण पुस्तक घेऊन बसणे नाही. कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईचा मुलगा मराठीचे एक पान धड वाचत नाही, ही गोष्ट मी माहेरीसुद्धा सांगितली नव्हती. कुणी विचारले तर "वाचतो की, थोडं थोडं," असे म्हणून विषय बदलायची.

त्याच्याबरोबर पंधरा दिवस बसले, तेव्हा पहिल्यांदा कळले की तो नेमका कुठे अडतो. कन्नडमध्ये जोडाक्षर लिहिताना पहिले अक्षर पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी बसते, ज्याला ओत्तक्षर म्हणतात. आपल्याकडे बहुधा पहिलेच अक्षर अर्धे होते. आणि रफार! आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. कन्नडमध्ये तेच काम करणारी खूण अक्षराच्या उजव्या बाजूला, मागून येते. उच्चार दोन्हीकडे आधीच करायचा. पण डोळ्यांना एकीकडे वर बघायची सवय लागते, तर दुसरीकडे उजवीकडे. त्यामुळे 'विद्यार्थी' हा शब्द, जो तो दोन्ही भाषांत रोज ऐकतो, मराठीत छापलेला दिसला की तो तिथे बैल बसावा तसा बसायचा. शिवाय आपला 'च' कधी 'चमचा'तला तर कधी 'चिमणी'तला. हे कुठे लिहिलेले नसते, कानाने ओळखायचे. उलट कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे लिहितात, आपल्याकडे एकच. इतकी वर्षे मी त्याला 'आळशी' म्हणत होते. आळशी तोही आहे, पण एवढेच कारण नव्हते.

पुस्तक कोणते घ्यायचे? माझ्या मनात प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' होता. इंदिराबाईंचा मुलगा, कराडला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्याने लिहिलेला हा आजी-आजोबांजवळ राहणारा लंपन. त्याचे गाव आणि त्याची बोली आपल्या इतकी जवळची, की पुण्या-मुंबईच्या वाचकांना अडणारे कन्नड शब्द आपल्या मुलांना पाय न अडखळता ओलांडता येतात. पण चिरंजीवांनी ते पुस्तक वजन करून पाहिले आणि परत ठेवले.

मग अत्तींनी कपाटावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तिच्यात दोऱ्याने शिवलेले कन्नड 'चंदमामा'चे जुने अंक. मी एक उघडला आणि पाहतच राहिले. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम राजा, हातात तलवार, मागे स्मशानातली झाडे. हे चित्र माझे होते! माझ्या माहेरी 'चांदोबा' यायचा. मद्रासहून १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक पुढे कन्नडात 'चंदमामा' झाले आणि मराठीत 'चांदोबा'. ते चित्र काढणारे चित्रकार शंकर २०२० मध्ये वारले. म्हणजे धारवाडच्या वाड्यात अत्ती आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी माझ्या माहेरच्या माडीवर, त्याच राजाकडे बघत बसलो होतो. लग्नाला पंधरा वर्षे झाली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून यावर कधी बोललो नव्हतो. बोललो ते तूप कढवण्यावर, जे अत्तींच्या भाषेत 'तुप्प' असते.

चिरंजीवांचा प्रश्न एवढाच, की मराठीत वेताळ आणि कन्नडमध्ये बेताळ का. "भूत एकच की दोन?"

ठरले असे, की त्याने 'चांदोबा'तले अर्धे पान वाचायचे, अत्तींनी 'चंदमामा'तले, आणि मी मध्ये.

कार्यक्रमाच्या दिवशी चौदा घरे आली. मांडव अर्धा भरलेला. गुरुजींनी खरोखरच पहिले नाव आमचे पुकारले. चिरंजीव उभा राहिला. चार ओळी छान गेल्या. पाचव्या ओळीत एक जोडाक्षर आले, रफाराचेच, आणि तो थांबला. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. समोर माझे दोन विद्यार्थी, एक सहकारी, आणि बैठकीत नाराज झालेले ते गृहस्थ. चार. पाच. आणि मी शब्द सांगितला. माईक जवळ होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेला. माझा नियम, मीच मोडला. मुलाने माझ्याकडे पाहिले, पुस्तक मिटले आणि खाली बसला. रडला नाही. नुसता बूट बघत बसला.

त्या क्षणी मला आदल्या वर्षीचे माझे पाऊण तासाचे भाषण शब्दन् शब्द आठवत होते, हे काही सुखाचे नव्हते.

अत्तींनी माईक ओढून घेतला. अंक उघडला, चष्म्यासाठी कमरेला हात घातला, तर चष्मा घरी. मग त्यांनी अंक उघडाच ठेवला आणि तोंडपाठ सुरुवात केली, कन्नडमध्ये. गोष्ट त्या दोघांची, ज्यांची मस्तके देवीपुढे तुटतात आणि बाईच्या गडबडीत एकाचे डोके दुसऱ्याच्या धडाला चिकटते. (गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'ची मूळ कथा हीच.) दोन वाक्ये झाल्यावर त्या नातवाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एळु, मराठ्याग एळु." आणि त्याने खाली बसूनच सांगितले. मग पुढची दोन वाक्ये. परत त्याने. मान वर केली, मग उभा राहिला. एके ठिकाणी अज्जीने सांगितले नव्हते तेही त्याने घातले, की रक्त 'नळ सोडल्यासारखे' आले.

मला उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णी आठवले. उमाताई मूळच्या आपल्या बेळगावच्या. विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर घेत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. भैरप्पांचा 'वंशवृक्ष', कार्नाडांचे आत्मचरित्र अशी किती पुस्तके मराठीत त्यांच्यामुळे आली. एकाचा आवाज, दुसऱ्याचा हात. वर्गात मी हे उदाहरण अनेकदा दिले आहे. घरी तशी दोन माणसे शेजारशेजारी जेवतात, हे लक्षात आले नव्हते.

शेवटी वेताळाचा प्रश्न आला: आता त्या बाईचा नवरा कोणता, डोके नवऱ्याचे तो की धड नवऱ्याचे तो? मागून एक आवाज आला, "डोकं मराठी, धड कन्नड! आमच्या बेळगावचंच झालं की हे!" मांडव हसला. नाराज गृहस्थही हसले, मग त्यांनी हसू आवरले.

बाकीच्या घरांविषयी सविस्तर लिहायला हवे, पण जागा नाही. एका आजोबांनी फक्त पंचांग वाचले. एका घरातल्या आजीला अक्षरओळख नव्हती. नात वाचत होती आणि आजी पान उलटायची वेळ झाली की अचूक उलटत होती. पुष्कळांनी नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके आणली होती. तीच चित्रे, एका प्रतीत मराठी मजकूर, दुसरीत कन्नड. ज्यांना पुस्तके महाग वाटतात त्यांनी बंगळूरच्या प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर बघावे. तिथे चित्रांच्या गोष्टी दोन्ही भाषांत मोबाईलवर फुकट वाचता येतात. मात्र आजीच्या मांडीवर मोबाईल आणि पुस्तक यांत फरक आहे. पुस्तक हातात असताना मध्येच फोन वाजत नाही.

घरी परतताना रिक्षात मी चिरंजीवांना म्हटले, "चुकलंच माझं. पाचलाच बोलले." तो म्हणाला, "सहाला मला येणार होतं." खरे असेल, नसेल. मग म्हणाला, "आई, अज्जीचा चष्मा नव्हता, तर तू का नाही वाचलंस तिचं पान?"

याला उत्तर नव्हते. कन्नड मी उत्तम बोलते. वाचते ती बसची पाटी, वीजबिल आणि दुकानाचे नाव. लग्नाला पंधरा वर्षे. मुलाला मराठी वाचत नाही म्हणून रागावणारी मी.

आता रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही तिघे अर्धा तास बसतो. आधी तो 'चांदोबा'चे अर्धे पान. मग मी 'चंदमामा'चे, बोट ठेवून, दुसरीच्या मुलासारखी. अत्ती ऐकतात आणि मधून "निधानक्क, निधानक्क" म्हणतात. काल एका ओत्तक्षराला अडकले. चिरंजीवांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली, मराठीत. सातला आले.