प्रथमपुरुषातला परमेश्वर

व्याकरणात प्रथमपुरुष हा सर्वांत निःसंदिग्ध पुरुष. ‘मी’ म्हणणारा तोच बोलणारा, आणि बोललेल्याचे उत्तरदायित्वही त्याचेच. जगभरच्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र गेल्या शतकभरात एक निराळाच प्रथमपुरुष रूढ झाला आहे. उपासनेच्या मध्यावर कोणी उभा राहतो, ‘प्रभू म्हणतो’ असा आरंभ करतो, आणि पुढच्या वाक्यातला ‘मी’ त्याचा राहत नाही. तो परमेश्वराचा होतो. सांगितलेले खरे ठरले तर बोलणाऱ्याचा लौकिक वाढतो. खोटे ठरले तर ‘माणूसच तो, चुकायचा’ म्हणून विषय मिटवला जातो. या ‘मी’चा धनी नेमका कोण, हा प्रश्न आम्हांस धर्मशास्त्राइतकाच साहित्यशास्त्राचा वाटतो. संहिता, तिचा वाचक आणि तिच्या नावाने चालणारा अधिकार यांचे नाते आपण वर्गात नित्य शिकवतो; ते नाते जिथे प्रत्यक्ष माणसांच्या आयुष्यावर चालते, तिथे आपण गप्प बसावे हे काही योग्य नव्हे.

आमचा वाद कशाशी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रेषितांच्या काळाबरोबर चमत्काराची व संदेशाची दाने संपली, असे बेंजामिन वॉरफिल्ड यांनी ‘काउंटरफिट मिरॅकल्स’ या १९१८च्या ग्रंथात मांडले. ती संपली नाहीत, हे म्हणणे घेऊन १९०६ साली लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमोर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सभांतून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. या दोहोंतले खरे कोणते, ते त्या त्या श्रद्धेच्या लोकांनी ठरवावे. देव आज बोलतो की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार साहित्याच्या अध्यापकांना कोणी दिलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की लिखित शास्त्र हेच अंतिम प्रमाण असे सांगणारी मंडळी जेव्हा अलिखित उद्गारालाही त्या शास्त्राचेच व्याकरण बहाल करते, तेव्हा ती आपल्याच शास्त्राला बगल देत असते.

प्रथम शब्द पाहू. मराठी बायबलात योजलेला शब्द ‘संदेष्टा’ असा आहे. जुन्या ख्रिस्ती लेखनात ‘भविष्यवादी’ हाही शब्द भेटतो. दोन्ही शब्दांत फार मोठे अंतर आहे. आमोस काय किंवा यशया काय, त्यांच्या बोलण्याचा मोठा भाग उद्या काय होणार याविषयी नाही; आज काय चालले आहे याविषयी आहे. गरिबांना नाडणारे व्यापारी, लाच घेणारे न्यायाधीश, यज्ञयागांनी देवाला खूश करू पाहणारा समाज, हे त्यांचे विषय. आधुनिक संदेष्ट्यांचे प्रसिद्ध संदेश काढून पाहावेत: निवडणुका, बढत्या, विवाह, परदेशगमन, द्रव्यलाभ. नाव संदेष्ट्याचे आणि धंदा भविष्यवाद्याचा, अशी ही अदलाबदल आहे.

बरे, भविष्यच सांगायचे तर त्याचीही कसोटी शास्त्राने घालून दिली आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात ती अगदी रोखठोक आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते त्याचे नव्हते, सांगणारा उद्दामपणे बोलला, त्याला भिण्याचे कारण नाही. परंतु त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय याहूनही सूक्ष्म आहे. सांगितलेली खूण खरी ठरली, आणि तरीही सांगणारा लोकांना अन्य दैवतांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नये, असे तो बजावतो. म्हणजे खोटे ठरणे हा खोटेपणाचा पुरावा आहे. पण खरे ठरणे हा खरेपणाचा पुरेसा पुरावा नाही. निकाल वाचणाऱ्याच्या विवेकावर सोपवला आहे. इतकी कठोर वाचनपद्धती ज्या ग्रंथात आहे, त्याच्या नावाने चाललेल्या सभांत विवेकालाच अविश्वास म्हणून हिणवले जावे, हा विरोधाभास विलक्षण होय.

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातला प्रसंग तर वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन हिंडतो आहे. बाबेलची गुलामी अटळ आहे, हे सांगण्याची ती त्याची रीत. मंदिरात, याजकांदेखत, हनन्या उभा राहतो आणि परमेश्वराच्याच नावाने सांगतो, की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. यिर्मया प्रथम काय म्हणतो? आमेन, तसेच होवो. मग शांतपणे आठवण देतो, की शांततेचे भाकीत करणाऱ्याची पारख ते घडल्यावरच होते. हनन्या त्याच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकतो. आणि यिर्मया निघून जातो. त्याच्यापाशी त्या क्षणी उत्तर नाही, म्हणून तो उत्तर रचत नाही. पुढे त्याला वचन मिळते तेव्हाच तो परत येतो. दोघांचे शब्द एकच, ‘परमेश्वर म्हणतो’ हे पालुपद एकच, व्याकरण एकच. श्रोत्यांना हवे ते हनन्या सांगत होता. खऱ्या संदेष्ट्याची ओळख आम्हांस त्याच्या गर्जनेपेक्षा त्या निघून जाण्यात अधिक पटते.

हा प्रसंग प्राचीन म्हणून सोडून देता येत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या अनेक नामवंत करिझ्मॅटिक संदेष्ट्यांनी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष होणार, असे देवाच्या नावाने जाहीर केले होते. २० जानेवारी २०२१ रोजी शपथ घेतली जो बायडेन यांनी. काहींनी माफी मागितली. त्यांपैकी जेरेमाया जॉन्सन यांनी लिहिले, की माफीनंतर आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आपण चुकलो म्हणणाऱ्याला धमक्या आणि चुकलोच नाही म्हणणाऱ्याला टाळ्या, असा तो न्याय. कोणी म्हणाले, निवडणूक चोरली गेली. कोणी म्हणाले, स्वर्गात ट्रम्पच अध्यक्ष आहेत. एप्रिल २०२१ मध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ मॅटेरा यांच्या पुढाकाराने संदेष्ट्यांसाठी आचारनियमांचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. जाहीरपणे चुकलेल्याने जाहीरपणे जबाबदारी घ्यावी, असे त्यात सांगावे लागले. पुढे २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले, म्हणून २०२०चे भाकीत मागल्या दाराने खरे ठरत नाही. हनन्यालाही दोन वर्षांची मुदत होती. ती सोयीने वाढवण्याची सवलत त्याला मिळाली नव्हती.

या पेचातून सुटण्याची विद्वत्तापूर्ण वाट वेन ग्रुडेम यांनी ‘द गिफ्ट ऑफ प्रॉफेसी इन द न्यू टेस्टामेंट अँड टुडे’ या १९८८च्या ग्रंथात काढून दिली. त्यांचे म्हणणे असे: जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचे वारस म्हणजे नव्या करारातले प्रेषित, त्यांचे शब्द शास्त्र झाले. मंडळीतला साधा संदेष्टा मात्र देवाने मनात आणलेली गोष्ट स्वतःच्या मानवी शब्दांत सांगतो, आणि म्हणून तो चुकू शकतो. शास्त्राचे प्रामाण्य अबाधित राहिले आणि संदेशही वाचला. न्याय्य म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की ग्रुडेम स्वतः ‘प्रभू म्हणतो’ हे पालुपद वापरू नये असाच सल्ला देतात. त्यांचे हे सिद्धान्तन आनंदाने उचलणाऱ्यांना त्यातला हा सल्ला तेवढा दिसला नाही.

तथापि त्या सिद्धान्ताच्या वाचनपद्धतीविषयीच आमची शंका आहे. पौल सांगतो, की संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. ज्याअर्थी पारख करायची, त्याअर्थी संदेश सदोष असू शकतो, असा एक युक्तिवाद आहे. परंतु पारख तर अनुवादातही सांगितली आहे, आणि तिथल्या संदेष्ट्यांना ग्रुडेमही कमी प्रतीचे मानत नाहीत. पारखायचे ते बोलणे कोणाचे आहे हे; त्यातले किती टक्के देवाचे, हे नव्हे.

दुसरा पुरावा अगब नावाच्या संदेष्ट्याचा. कैसरियात तो पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, की या कमरबंदाच्या धन्याला यरुशलेमेत यहूदी असेच बांधतील व परराष्ट्रीयांच्या हाती देतील. पुढे प्रत्यक्षात पौलाला साखळ्या घातल्या रोमी शिपायांनी, आणि यहूदी जमावाने त्याला सोपवले नाही, तर त्याच्या तावडीतून तो सोडवला गेला. म्हणून तपशिलात अगब चुकला, असा निष्कर्ष. ही संदेष्ट्याची प्रतीककृती आहे, पोलिसी पंचनामा नव्हे! शिवाय प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरच्या अध्यायात, रोममध्ये, पौल स्वतःच सांगतो, की आपल्याला यरुशलेमेतून रोमी लोकांच्या हाती देण्यात आले. तिथे मूळ ग्रीकमध्ये क्रियापदही अगबाच्या तोंडी आहे तेच येते. ज्याच्यावर प्रसंग गुदरला, त्याला भाकिताचे शब्द चुकीचे वाटले नाहीत. विसाव्या शतकातल्या वाचकाला ते तसे वाटावेत, कारण त्याला चुकणाऱ्या संदेष्ट्यासाठी एक पूर्वज हवा आहे.

खरा धोका याच्या परिणामात आहे. चुकण्याची मुभा असलेला, पण देवाच्या ‘मी’मध्ये बोलणारा माणूस म्हणजे उत्तरदायित्वावाचून अधिकार. लग्न अमक्याशीच कर, नोकरी सोड, शस्त्रक्रिया टाळ, दशांश वाढव, असे सांगितल्यावर ऐकणारा काय करील? वाद घालावा तर देवाशी वाद, न घालावा तर माणसाची सत्ता. आपल्या परंपरेला ही भाषा अगदीच परकी नाही. आपले बोलणे आपले नव्हे, बोलविणारा वेगळाच, असे तुकोबाही सांगतात. पण तिथे त्या म्हणण्याने बोलणारा लहान होतो; इथे तो मोठा होतो. आणि तुकोबांचे अभंग गाथेत आहेत: कोणाही वारकऱ्याने उघडावे, ताडून पाहावे, कीर्तनकाराला अडवावे. जे लिहिले गेले, ते सर्वांचे झाले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ग्रंथाचा अधिकार म्हणजे ग्रंथ वाचू शकणाऱ्यांचा अधिकार. तो पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या, पदवीधरांच्या, पुरोहितांच्या हाती राहिला. संदेशाने स्त्रियांना, निरक्षरांना, दलितांना बोलते केले. योएलाच्या भाकितात पुत्रांबरोबर कन्या आहेत, दासांबरोबर दासी आहेत. दुसऱ्या शतकात फ्रिजियात माँटेनसच्या चळवळीत प्रिस्का आणि मॅक्झिमिला या दोघी संदेष्ट्या होत्या. त्यांचे उद्गार आज उरले आहेत ते मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांत. इतकेच कशाला, अगब ज्या घरी आला त्या फिलिप्पाच्या चार कन्या संदेश देत असत, असे लूक सांगतो. परंतु त्यांच्या संदेशाचा एकही शब्द तो नोंदवीत नाही. हे मौन आम्हांसही बोचते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्यांचे शब्द लिहिले गेले नाहीत, त्या हरल्या. मुक्या केलेल्यांना क्षणभराचा झपाटलेला आवाज देणे निराळे, आणि त्यांच्या हाती वाचण्याचा व प्रश्न विचारण्याचा कायमचा हक्क देणे निराळे.

या भेदाचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे मोठे धर्मजागरण झाले, त्याचा उल्लेख पेंटेकॉस्टल इतिहासात आजही गौरवाने होतो. तिथल्या मुली रडल्या, प्रार्थनेत न्हाल्या, अनोळखी भाषांत बोलल्या. पंडिता रमाबाईंनी हे दडपले नाही, त्याची टवाळीही केली नाही. पण त्यांनी आपली उरलेली वर्षे कशाला वाहिली? हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायबलाचे सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याला. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि १९२२ साली रमाबाई वारल्यावर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. याच रमाबाईंनी तरुणपणी इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, शास्त्र स्वतः वाचून स्वतःच्या सदसद्विवेकाने स्वीकारण्याचा हक्क कोणत्याही बिशपापुढे सोडला नव्हता. जागरणाची आच आणि संहितेची निष्ठा एका आयुष्यात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले. परंतु वारसा म्हणून मागे ठेवले ते पुस्तक.

तेव्हा आमची मागणी संदेष्ट्यांचे तोंड बंद करण्याची नाही. ज्याला काही सुचले, त्याने ‘मला असे वाटते’ म्हणावे. मराठीत हे तीन शब्द लाजिरवाणे नाहीत. ज्याला त्याहून अधिक म्हणायचे असेल, त्याने ते तारीख घालून लिहून द्यावे आणि मंडळीने ते जपून ठेवावे. यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, तेव्हा यिर्मयाने बारूखाकडून ती पुन्हा लिहून घेतली आणि तीत आणखी भर घातली. खरा संदेष्टा लेखी पुराव्याला भीत नाही; त्याला भितो तो राजा. आज ज्या मंडळ्यांत संदेश दर रविवारी उच्चारले जातात आणि सोमवारी कोणाला आठवत नाहीत, तिथे राजाला शेगडी पेटवण्याचेही श्रम उरलेले नाहीत.